चुंबकीय द्रव टोचून घ्यावा का? भीती कशाची धरायची आणि कशाची नाही

प्रश्न असा आला आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका गृहस्थांच्या आईंना, वय ६१, स्तनाचा कर्करोग निघाला आहे. गाठ लहान आहे, ऑपरेशन ठरलं आहे. बाहेरगावच्या ज्या मोठ्या दवाखान्यात ते व्हायचं आहे, तिथे काखेतली पहिली लसिका ग्रंथी शोधायला लोखंडाचे चुंबकीय नॅनोकण असलेला द्रव टोचण्याचा अभ्यास चालू आहे. ‘भाग घ्याल का’ असं विचारून कानडी आणि इंग्रजी कागद हातात दिले आहेत. आईंना फक्त मराठी वाचता येतं. मधुमेह आहे, किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन १.६ आहे. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फौंड्रीत काम करणारे मेहुणे म्हणतात, ‘लोखंड अंगात गेलं की गेलं. आत गंजणार, किडनीवर बसणार, आणि पुढं कधी एमआरआय केला तर मशीन ओढून बाहेर काढणार.’ तर हे कण सुरक्षित आहेत का?

मी बेळगावात रेडिओलॉजी करतो आणि बरीच वर्षं एका एथिक्स कमिटीवरही आहे. त्यामुळे फिल्म बघणारा म्हणून आणि असे कागद तपासणारा म्हणून, दोन्ही बाजूंनी लिहितो.

थेट उत्तर आधी देतो. मेहुण्यांनी सांगितलेल्या तिन्ही गोष्टी होणार नाहीत. मात्र या द्रवामुळे पुढे त्याच स्तनाचा एमआरआय वाचता येण्याजोगा न राहण्याची शक्यता खरी आहे, आणि तीच गोष्ट तोंडी सांगताना बहुतेक वेळा गाळली जाते. राहिला ‘चुंबकीय नॅनोकण सुरक्षित आहेत का’ हा मोठा प्रश्न. त्याला मी होयही म्हणणार नाही आणि नाहीही. कुठला कण, त्यावर आवरण कसलं, किती मिलिग्रॅम, शिरेतून की कातडीखाली, किती वेगाने आणि कुणाला, एवढं कळलं तरच उत्तर देता येतं. यातली एक गोष्ट बदलली की उत्तर बदलतं. पुढे त्याचं एक खरं उदाहरण देतो.

हा द्रव दिसायला काळपट तपकिरी असतो. त्यात लोखंडाच्या ऑक्साइडचे, म्हणजे मॅग्नेटाइट आणि मॅग्हेमाइट या प्रकारांचे अतिसूक्ष्म कण असतात आणि त्यांच्यावर डेक्स्ट्रानसारख्या साखरेच्या साखळ्यांचं आवरण असतं. आवरणासकट एक कण साधारण ६० नॅनोमीटरचा. स्तनात टोचला की तो लसिकेच्या वाहिन्यांतून काखेकडे जातो आणि वाटेतल्या पहिल्या ग्रंथीत अडकतो. कर्करोगाच्या पेशी बाहेर पडल्या असतील तर त्याही आधी तिथेच सापडायच्या, म्हणून सर्जनला नेमकी ती ग्रंथी हवी असते. चुंबकीय प्रोब काखेवर फिरवला की तो तिथे आवाज देतो. त्या वेळी सर्जन स्टीलचे चिमटे बाजूला ठेवून प्लॅस्टिकचे घेतात, कारण स्टीलमुळे प्रोब गोंधळतो.

हेच काम पूर्वीपासून टेक्नेशियम नावाच्या किरणोत्सारी द्रव्याने आणि निळ्या रंगाने होत आलं आहे. टेक्नेशियम दर सहा तासांनी अर्धं होतं, त्यामुळे ते साठवून ठेवता येत नाही; न्यूक्लिअर मेडिसिनचा विभाग जवळ लागतो. चुंबकीय द्रव कपाटात राहतो. आपल्या सीमाभागातल्या तालुक्याच्या गावी उद्या अशी ऑपरेशनं व्हायची असतील तर हा फरक मोठा आहे. अभ्यासाला माझा विरोध नाही, हे त्यावरून समजून घ्या.

आता मेहुण्यांचा गंज. मॅग्नेटाइट हे मुळातच ऑक्सिजनशी जोडलं गेलेलं लोखंड आहे. गंज चढून झालेल्या वस्तूला आणखी काय गंज चढणार? शरीरात त्याचं होतं ते असं: जंतू गिळणाऱ्या ज्या पेशी असतात त्या हे कण गिळतात, पेशीतल्या आम्लात आवरण सुटतं, मग कण हळूहळू विरघळतो आणि सुटलेलं लोह फेरिटिन या प्रथिनात साठवलं जातं किंवा रक्तातल्या लाल पेशी बनवायला वापरलं जातं. स्तनात टोचलेल्याला वेळ लागतो, महिने लागतात, कधी त्याहून जास्त. पण वाट ठरलेली आहे. शरीराला लोह हाताळायची सवय आहे आणि लोखंडाचा कण निवडण्यामागे तेच कारण आहे.

प्रमाण बघा. मोठ्या माणसाच्या अंगात एकूण तीन-चार ग्रॅम लोह असतं. जुन्या लाल पेशी मोडून रोज वीस-पंचवीस मिलिग्रॅम लोह आपलं शरीर पुन्हा वापरतं. या द्रवाच्या दोन मिलिलिटरमध्ये साधारण ५५ मिलिग्रॅम लोह असतं. रक्ताची एक बाटली चढवली की २०० ते २५० मिलिग्रॅम जातं. उलट थॅलेसेमियाच्या ज्या पेशंटना लहानपणापासून रक्त चढवावं लागतं, त्यांच्या लिव्हरमध्ये आणि हृदयात आधीच लोह साचलेलं असतं. तिथे जागा भरलेली असते. जास्तीचं मोकळं लोह पेशीतल्या हायड्रोजन पेरॉक्साइडशी भिडून फार घातक रॅडिकल तयार करतं, आणि ते पेशीचं आवरण आणि डीएनए दोन्ही जाळतं. म्हणून शरीरात लोह साठण्याचा आजार असेल तर हा द्रव देत नाहीत. डेक्स्ट्रान किंवा लोहाच्या इंजेक्शनची रिॲक्शन पूर्वी आली असेल तरी देत नाहीत. छातीत किंवा काखेत धातूचं काही बसवलेलं असेल तरी नाही; पेसमेकर त्यातच आला. आईंना यातलं काही आहे का, ते तुम्हीच आठवून सांगायचं. फाईल जुन्या दवाखान्यात राहिलेली असते, हे आपल्याकडचं नेहमीचं.

क्रिएटिनिनची काळजी इथे नको. हे कण लघवीवाटे जात नाहीत, किडनीच्या चाळणीला ते फार मोठे आहेत. गोंधळ कुठून आला ते कळतं: एमआरआयचं नेहमीचं इंजेक्शन गॅडोलिनियमचं असतं, आणि किडनी फार निकामी असलेल्या पेशंटमध्ये त्यातल्या काही जुन्या प्रकारांमुळे कातडी आणि स्नायू घट्ट होण्याचा आजार होतो, हे २००६ साली लक्षात आलं. त्यानंतर तर काही ठिकाणी किडनीच्या पेशंटना गॅडोलिनियमऐवजी लोखंडाचेच कण देऊन एमआरआय करू लागले.

एमआरआयमध्ये ओढलं जाण्याची भीती मात्र मी हसण्यावारी नेत नाही. २०१८ साली मुंबईत एमआरआयच्या खोलीत ऑक्सिजनचा सिलिंडर नेला गेला आणि एका तरुणाचा जीव गेला. ती बातमी मराठी घराघरांत पोचली, आणि तेव्हापासून पेशंट मला अंगठीबद्दलही दहा वेळा विचारतात. चांगलंच आहे. पण मशीन किती जोराने ओढणार हे लोखंड एकगठ्ठा किती आहे यावर ठरतं. सिलिंडर म्हणजे काही किलो एका जागी. इथे काही मिलिग्रॅम लोह असंख्य कणांत विभागून पेशींच्या आत बसलेलं, आणि एकेका कणावरची ओढ इतकी क्षुल्लक की पेशी हलत नाही. शिवाय इतक्या बारीक आकारात हे कण कायमचे चुंबक नसतात. बाहेरचं चुंबक जवळ आलं की ते चुंबकासारखे वागतात, दूर गेलं की त्यांचं चुंबकत्व उरत नाही. शरीराची ऊब त्यांची दिशा सतत विस्कटत राहते. म्हणून ते रक्तात एकमेकांना चिकटून गुठळ्या करत नाहीत. कण मोठे झाले की हा गुण जातो, त्यामुळे आकारावर कारखान्यात करडी नजर ठेवावी लागते. आणि सगळ्यात सोपा पुरावा: १९९६ साली अमेरिकेत लोखंडाचे असेच कण मंजूर झाले ते लिव्हरच्या एमआरआयसाठीच. शिरेतून द्यायचे आणि पेशंटला मशीनमध्ये घालायचं. काहींची सलाईन चालू असताना कंबर-पाठ दुखायची, पण कुणाचं लिव्हर ओढलं गेलं नाही.

खरा धोका कुठे असतो ते फेरुमॉक्सिटॉल या औषधाने शिकवलं, आणि त्यावर मी थोडं थांबणार आहे. आवरण घातलेले लोखंडाच्या ऑक्साइडचेच कण, किडनीच्या पेशंटमधल्या रक्तक्षयासाठी अमेरिकेत जून २००९ मध्ये मंजूर झालेले. डोस ५१० मिलिग्रॅम, १७ मिलिलिटर, आणि तो शिरेतून सतरा सेकंदांत ढकलला तरी चालेल असं तेव्हा ठरलेलं. पेशंटला झटपट मोकळं करता येतं हे त्याचं मोठं कौतुक होतं. मार्च २०१५ मध्ये तिथल्या औषध खात्याने सर्वात कडक इशारा छापायला लावला. तोवर जीवघेण्या रिॲक्शनची ७९ प्रकरणं नोंदली गेली होती आणि त्यातले १८ जण दगावले होते. बहुतेकांना इंजेक्शन चालू असताना किंवा संपल्यावर पाच मिनिटांतच त्रास सुरू झाला होता, आणि जवळपास निम्म्यांचा तो पहिलाच डोस होता.

त्यानंतर कण बदलला नाही. द्रव पातळ करून निदान पंधरा मिनिटं सलाईनसारखा सोडायचा, नंतर अर्धा तास पेशंटला बसवून ठेवायचं, आणि आधी कुठल्याही लोहाच्या इंजेक्शनची ॲलर्जी आलेल्याला द्यायचाच नाही, असे नियम आले. २०१८ मध्ये त्याच औषधाला आणखी पेशंटसाठी परवानगी मिळाली. तोच कण, तोच डोस, फक्त वेग आणि निवड वेगळी. अशा रिॲक्शनमध्ये चुंबकत्वाचा काही संबंध नसतो. कणावरच्या आवरणाला रक्तातली प्रथिनं चिकटतात, शरीराची संरक्षणयंत्रणा परका आला असं समजून एकदम पेटते, आणि एका दमात जास्त कण आले तर जास्त पेटते. पहिल्या डोसलाही ते होऊ शकतं, म्हणून ‘आईंना आजवर कुठलीच ॲलर्जी नाही’ यावर विसंबता येत नाही. तुमच्या बाबतीत द्रव रक्तात न जाता स्तनात टोचला जाणार आहे, लोह दहाव्या हिश्श्याच्या आसपास आहे, म्हणून धोका पुष्कळ कमी. तरी टोचल्यावर कुणी अर्धा तास लक्ष ठेवणार आहे का आणि रिॲक्शन आवरायचं ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन जवळ आहे का, हे विचारा. विचारायला संकोच वाटला तर माझं नाव सांगा.

हे सगळं तुम्हाला नवं वाटेल, पण शिरेतून नॅनो आकाराचं लोह घेणं बेळगाव जिल्ह्याला नवं नाही. गरोदर बायकांना दवाखान्यात जे लाल-तपकिरी लोहाचं इंजेक्शन सलाईनमधून देतात, आयर्न सुक्रोज किंवा फेरिक कार्बोक्सिमाल्टोज, त्यातही आत लोहाचा सूक्ष्म गाभा आणि बाहेर साखरेचं आवरण असंच असतं. चुंबकाच्या कामाचं ते नाही, एवढाच फरक. आपल्याच जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या संशोधकांनी कर्नाटक आणि राजस्थानातल्या रक्तक्षय असलेल्या गरोदर स्त्रियांवर रॅपिडआयर्न नावाचा मोठा अभ्यास केला, एकदाच शिरेतून दिलेलं लोह आणि गोळ्या यांची तुलना करणारा. तेव्हा ‘लोखंड अंगात घालतात’ या वाक्याने घाबरून जाण्यासारखं फार काही नाही.

इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगतो, कारण तुम्ही नेटवर शोधणारच. चुंबकीय कणांवर भारतात भरपूर काम चालतं. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातून आणि डी. वाय. पाटील विद्यापीठातूनही या कणांनी उष्णता निर्माण करून कर्करोगाच्या पेशी मारण्यावर निबंध निघाले आहेत. काम चांगलं आहे. पण ‘चोवीस तासांनी नव्वद टक्के पेशी जिवंत’ असं वाक्य कुठल्याही निबंधात दिसलं की ते सुरक्षिततेचं प्रमाणपत्र समजू नका. बशीतल्या पेशींना लिव्हर नसतं, प्लीहा नसते. पेशी जिवंत आहेत का हे रंगावरून मोजतात, आणि कण स्वतःच काळे-तपकिरी असल्याने मोजणीच चुकू शकते. शिवाय प्रयोगशाळेच्या बाटलीत जंतूंच्या कवचाचे अवशेष, म्हणजे एंडोटॉक्सिन, राहिलेले असू शकतात. तेवढ्यानेही माणसाला थंडी वाजून ताप येतो. आणि सगळेच चुंबकीय कण लोखंडाचे नसतात. कोबाल्ट किंवा निकेल घातलेले कण जास्त जोरकस असतात, पण तो धातू झिरपून बाहेर आला तर शरीराला त्याचं काही करता येत नाही. माहितीपत्रकात लोखंडाशिवाय दुसऱ्या धातूचं नाव दिसलं तर मला फोन करा. भारतात नॅनो औषधं कशी तपासायची याची मार्गदर्शक तत्त्वं २०१९ साली निघाली आहेत, त्यात कणाचा आकार, आवरण, ते अंगात कुठे साठतात हे सगळं स्वतंत्रपणे तपासायला सांगितलं आहे.

उष्णतेच्या उपचाराचा विषय निघालाच आहे तर दोन शब्द. जर्मनीत मेंदूच्या कर्करोगात आवरण घातलेले कण गाठीतच टोचून बाहेरून १०० किलोहर्ट्झचं उलटसुलट चुंबकीय क्षेत्र द्यायचं तंत्र निघालं, २०१० साली युरोपात त्याला परवानगीही मिळाली. त्या पेशंटचे उपचाराच्या जागेपासून ४० सेंटिमीटरच्या आतले धातूचे दात आधी काढावे लागत, आणि नंतर मेंदूचा एमआरआय काढायचा तर कणांचा काळा डाग सगळी फिल्म व्यापायचा, म्हणून सीटीवर भागवावं लागायचं. तुमच्या आईंना असलं काही करायचं नाही. एखाद्याने ‘चुंबकाने गाठ जाळतो’ म्हणून आपल्या भागात कॅम्प लावला तर मात्र लांब राहा. गळ्यात, मनगटात घालायच्या चुंबकाच्या पट्ट्यांचा तर याच्याशी काडीचाही संबंध नाही.

आता तो एमआरआयचा मुद्दा, ज्यासाठी मी हे एवढं लिहितो आहे. लोखंडाचे कण एमआरआयच्या चित्रात काळा खड्डा पाडतात. लिव्हरमध्ये त्याचाच फायदा घेत होतो. स्तनात द्रव टोचल्यावर तो सगळाच्या सगळा काखेत जात नाही, टोचल्या जागी बराच उरतो, आणि पुढे कित्येक महिने, काहींमध्ये काही वर्षंसुद्धा, त्या भागाच्या एमआरआयमध्ये काळं भोक दिसतं. त्याच्या आजूबाजूला नवी गाठ आली तर मला ती दिसणार नाही. मॅमोग्राफी आणि सोनोग्राफीला याची फारशी अडचण येत नाही. म्हणून सर्जनला दोन प्रश्न सरळ विचारा. स्तन पूर्ण काढणार की गाठच काढणार? पूर्ण काढला तर द्रवाची जागाही बहुतेक जाते आणि हा मुद्दा जवळपास संपतो. गाठच काढणार असतील तर पुढची तपासणी मॅमोग्राफीने होणार की एमआरआयने? आईंचा स्तन दाट असेल किंवा घरात आणखी कुणाला हा रोग झाला असेल तर एमआरआय लागण्याची शक्यता वाढते, आणि तसं असेल तर मी माझ्या घरच्या माणसाला जुनीच पद्धत घ्यायला सांगेन. नसेल तर भाग घ्यायला हरकत नाही.

दुसरं म्हणजे डाग. टोचल्या जागी कातडीवर तपकिरी छटा उमटू शकते, महिनोन् महिने टिकते, कधी त्याहूनही जास्त. त्याने काही बिघडत नाही. पण आधी सांगितलं नसेल तर बायका घाबरतात, रोग परत आला असं समजून रात्र रात्र जागतात. आईंना आधीच सांगून ठेवा.

घेतलाच द्रव, तर त्याचं नाव, डोस, तारीख आणि कुठल्या बाजूला टोचला हे डिस्चार्ज कार्डावर इंग्रजीत लिहून घ्या. उद्या एमआरआय मिरजेत, कोल्हापुरात किंवा इथे होईल, आणि समोर बसलेल्या रेडिओलॉजिस्टला ते माहीत असायलाच हवं.

मेहुण्यांनाही एक निरोप. लोखंडाच्या सूक्ष्म कणांची काळजी करायचीच असेल तर त्यांनी स्वतःची करावी. २०१६ साली मेक्सिको सिटी आणि मँचेस्टरमधल्या ३७ माणसांच्या मेंदूंत मॅग्नेटाइटचे कण सापडले, गोल, वितळून थिजल्यासारखे, म्हणजे धूर आणि उष्णतेतून हवेत आलेले. त्यांनी विस्मरणाचा आजार होतो असं सिद्ध झालेलं नाही. पण त्या कणांवर कसलंही आवरण नसतं, सोबत इतर धातू असतात, आणि ते डोस मोजून कुणी देत नाही. श्वासाबरोबर रोज जातात. फौंड्रीत वाळूची धूळ त्यात आणखी. त्यांनी चांगला मास्क लावावा. आणि ग्राइंडिंगवर काम केलं असेल तर स्वतःचा एमआरआय कधी करायची वेळ आली तर ते आधी सांगावं. डोळ्यात धातूचा तुकडा राहिलेला असेल तर तो एमआरआयमध्ये खरोखर हलतो आणि डोळा जाऊ शकतो. उद्यमबागेतल्या माणसांना मी हे मशीनमध्ये घालण्याआधी दर वेळी विचारतो, शंका आली तर डोळ्यांचा एक्स-रे काढतो.

राहिले कागद. आईंना कानडी किंवा इंग्रजी वाचता येत नसेल तर त्या कागदांवर त्यांची सही घेणं चूक आहे. संमती माणसाला समजेल त्या भाषेत घ्यायची, हे आयसीएमआर या वैद्यकीय संशोधनाच्या केंद्रीय परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट आहे, आणि मराठी भाषांतरही एथिक्स कमिटीने पास केलेलं असावं लागतं. नर्सने तोंडी सांगितलं म्हणजे झालं, असं नसतं. खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या पेशंटच्या बाबतीत ही गोष्ट वारंवार घडते आणि प्रत्येक वेळी ‘हो, आम्ही समजावलं होतं’ असंच उत्तर येतं. मराठी कागद मागा, मिळाला की घरी घेऊन जा, आई स्वतः वाचू देत, एक-दोन दिवस घ्या. अभ्यासाचा सीटीआरआय, म्हणजे देशातल्या अशा अभ्यासांच्या सरकारी नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक कागदावर असायला हवा. तो नेटवर टाकला की अभ्यास कोण करतंय ते दिसतं. अभ्यासामुळे इजा झाली तर उपचाराचा खर्च कोण करणार, हेही त्यात लिहिलेलं हवं.

मराठी कागद देत नसतील तर सही करू नका. नकार दिला म्हणून ऑपरेशन पुढे ढकलता येत नाही. निळा रंग किंवा टेक्नेशियम वापरून ते ठरल्या तारखेलाच व्हायला हवं. ढकलायला लागले तर त्या दवाखान्याच्या एथिक्स कमिटीच्या सचिवांना लेखी कळवा. त्यांचा फोन नंबर त्याच कागदाच्या शेवटच्या पानावर असतो.